कागदाची ओल, दगडाची ओल

यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी आमच्याकडे जी चित्रे आली, त्यांत एक रंगविलेले छायाचित्र दारासुरम्‌चे होते. ते आम्ही मुखपृष्ठावर घेतले नाही. पाठविणाऱ्यास तसे कळविले, तेव्हा त्याने रागावून नव्हे, तर खऱ्या जिज्ञासेने कारण विचारले. दोन ओळी लिहून मोकळे व्हावे असा आमचा पहिला विचार होता. परंतु उत्तर लिहावयास बसलो, आणि आपल्याला कारण पुरते ठाऊक नाही हे ध्यानात आले. पुढे जे कळले त्याने आमचे पहिले मत बदलले नाही, पण त्या मतामागची कारणे मात्र पार बदलून गेली. त्याची ही हकीकत आहे आणि तिच्या ओघात या नव्या कलेविषयी काही विचारही.

मूळ छायाचित्र १९६१ सालचे, कार्तिक महिन्यातले. कुंभकोणम्‌हून तंजावरच्या वाटेवर अगदी जवळच दारासुरम् लागते. तेथील ऐरावतेश्वराचे देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधले. या देवळाचा पुढील मंडप रथाच्या आकाराचा आहे. दगडी चाके, दगडी घोडे, आणि दक्षिणेकडून वर चढणाऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर एक तरुण स्त्री उभी आहे. कडेवर दीड वर्षाचे मूल. शेजारी चाक आणि मागे जोत्यावर कोरलेल्या नर्तकांच्या बोटभर आकृती. चित्र काढणारा तिचा पती. तो तेव्हा तिरुच्चिरापल्लीजवळ पोन्मलै येथील रेल्वे कारखान्यात नोकरीस होता. साधा बॉक्स कॅमेरा, १२० ची फिल्म, आणि निगेटिव्हच्याच आकाराचा लहानसा प्रिंट. निगेटिव्ह पुढे बदल्यांच्या सामानात कोठे तरी गहाळ झाली. बदलीच्या नोकरीत काय काय गहाळ होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. उरला तो प्रिंट, अल्बमच्या काळ्या पानावर चिकटविलेला.

त्या कडेवरच्या मुलाचा मुलगा आज बंगळूरला संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने तो प्रिंट स्कॅन केला आणि महिनाभर रात्री जागून त्यावर काम केले. मूळ चित्र आणि तयार झालेले चित्र अशी दोन्ही त्याने आमच्याकडे पाठविली, हे त्याच्या सचोटीचे लक्षण म्हणावे लागेल. प्रिंटच्या मधोमध एक आडवी घडी होती, ती गेली. बुरशीचे पांढरे ठिपके गेले. कडांना चांदी वर येऊन जी निळसर चकाकी येते ती गेली. खालच्या बाजूस पायऱ्यांवर, चाकाच्या तळाशी आणि स्त्रीच्या साडीच्या काठाशी एक काळसर पट्टा होता. अल्बमला कधी काळी ओल लागली असावी असे समजून त्याने तो उजळला. उजव्या कडेने एक उघडा हात चौकटीत शिरला होता. त्या हातात छत्री होती आणि हाताचा धनी चौकटीबाहेर होता. तो हात त्याने पुसला आणि त्या जागी शेजारच्या दगडाची नक्कल बसविली. सरतेशेवटी साडीला हिरवा रंग दिला, काठाला सोनेरी, कपाळी लाल टिकली. बाकीचे सर्व चित्र कृष्णधवल ठेवले.

आम्ही प्रथम कौतुकच केले, हे येथे कबूल केले पाहिजे. घडी काढणे हे काम दिसते तितके सोपे नसते. घडीखाली जे दबलेले असते ते कोणासच ठाऊक नसते. आजूबाजूची पोत पाहून, दगडाचा कण न् कण सांधून ती जागा भरावी लागते. तेथे या तरुणाचा हात इतका हलका आहे की, भिंगाखाली धरूनही सांधा सापडला नाही. कामाची पद्धतही नेकीची. मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर पारदर्शक लेयर रचायचे आणि प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर ठेवायची, म्हणजे केव्हाही मागे जाता येते. आमच्या लहानपणी फोटो स्टुडिओतला रिटचिंग करणारा कारागीर उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या मिटवीत असे. त्याची चूक झाली की ती कायमची.

आणि तरीही आम्ही हे चित्र नाकारले ते त्या हिरव्या साडीपायी. तेव्हाचे आमचे कारण केवळ रुचीचे होते. तो हिरवा फार एकटा वाटत होता. छाया पडलेल्या निरीवर तो जितका हिरवा, तितकाच उन्हातल्या पदरावर. शिवाय मराठी गृहिणी म्हटली की हिरवी साडी, हा कॅलेंडरांनी लावलेला हिशेब त्यात दिसत होता. एवढेच कारण असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

येथे एक सर्वसाधारण मुद्दा सांगितला पाहिजे. जुने चित्र संपूर्ण रंगविणे आणि त्यातील एखादीच वस्तू रंगविणे, यांत दुसरा प्रकार अधिक उथळ, केवळ शोभेचा, असे पुष्कळ जाणकार मानतात. लग्नाच्या अल्बमांतून या युक्तीचा जो अतिरेक झाला आहे तो पाहता त्यांचा कंटाळा समजण्यासारखा आहे. परंतु आमचे मत उलट आहे. संपूर्ण रंगविलेले चित्र आपण रंगविलेले आहोत हे लपविते. पाहणाऱ्याने हे मूळचेच असे आहे असे समजावे हीच त्याची इच्छा असते. एकच वस्तू रंगविलेले चित्र मात्र उघड सांगते की, येथे कोणाचा तरी हात फिरला आहे आणि येथेच पाहा अशी त्याची विनंती आहे. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटातील लहान मुलीचा लाल कोट पाहून कोणी फसत नाही. तो रंग हे दिग्दर्शकाचे बोलणे आहे, आणि ते बोलणे म्हणूनच ऐकू येते. उलट ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली सबंध रंगीत होऊन पुन्हा पडद्यावर आला तेव्हा तरुण प्रेक्षकांना तो आवडला असेल. पण १९६० च्या मूळ चित्रपटात के. आसिफ यांनी शीशमहालातील गाणे व काही थोडा भागच रंगीत घेतला होता, आणि कृष्णधवलातून एकदम त्या आरशांच्या रंगांत शिरण्याचा जो धक्का होता, तो सगळेच रंगीत झाल्यावर नाहीसा झाला. आमच्या मराठी चित्रपटांतही रंगाचा हा हव्यास जुना आहे. प्रभातची ‘सैरंध्री’ १९३३ साली रंगासाठी जर्मनीपर्यंत जाऊन आली, आणि ते रंग काही मनासारखे उतरले नाहीत.

तेव्हा निवडक रंगाला आमची तत्त्वतः हरकत नाही. मात्र रंग हे बोलणे असेल, तर ते काय बोलते हे विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्यास पोचतो.

त्याआधी रंग येतो कोठून हे पाहू. करड्या छटेच्या पोटात खरा रंग दडलेला असतो, आणि कसबी माणूस किंवा हुशार यंत्र तो बाहेर काढते, असा एक गोड समज आहे. तसे काही नसते. फिल्म एवढेच नोंदविते की, अमुक ठिकाणाहून अमुक इतका प्रकाश आला. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या ओल्या प्लेटींना तर मुख्यतः निळा प्रकाशच दिसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत कुंकू काळे येते, हळदीचे पिवळे अंग सावळे होते आणि निळे आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे राहते. १९६१ च्या फिल्मला सर्व रंग दिसत, पण ते सांगताना ती फक्त उजेड-अंधाराची भाषा बोले. त्या भाषेत मध्यम लाल व मध्यम हिरवा यांना एकच शब्द आहे. डाळिंबी साडी आणि हिरवी साडी एकाच करड्या छटेत उतरू शकते, आणि जगातील कोणत्याही भिंगाने त्या छटेतून त्यांचा निवाडा होणार नाही.

मग यंत्र काय करते? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे तत्त्व आज पुष्कळांनी उचलले आहे. चित्रातील उजेडाचा अंश जुनाच ठेवायचा आणि रंगाचा अंश अंदाजाने भरायचा. हा अंदाज लक्षावधी रंगीत चित्रे पाहून बसविलेला असतो. गवत बहुधा हिरवे, आभाळ बहुधा निळे, कातडी बहुधा अशी अशी. गवताच्या बाबतीत हे बहुधा पुष्कळ उपयोगी पडते. साडीच्या बाबतीत ते कशावर टेकणार? जेथे यंत्राला निश्चय होत नाही तेथे ते अनेक शक्यतांची सरासरी काढते, आणि अनेक रंगांची सरासरी मातकट निघते. या तरुणाने प्रथम यंत्राकडूनच रंग भरवून पाहिला होता आणि साडी मळकट तपकिरी आली होती. ‘फारच वाईट आली,’ असे त्याने आम्हांस लिहिले. आम्हांला मात्र वाटते की, त्या मळकट रंगात यंत्राने मला ठाऊक नाही असेच सांगितले होते. हिरवा रंग दिला तो माणसाने.

आता तंजावरकडे वळू. कारण छायाचित्रात हात घालण्याचा हा खटाटोप त्या प्रांताला नवा नाही. तंजावरचे राजे शिवाजी १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले. त्याच वर्षी लीनियस ट्राइप नावाचा कंपनीच्या फौजेतील एक कॅप्टन ब्रह्मदेशात इंग्रजी वकिलातीबरोबर अमरापुरास गेला होता आणि तेथील विहारांची व मनोऱ्यांची चित्रे घेत होता. मेणविलेल्या कागदाची निगेटिव्ह, आणि वर सांगितल्याप्रमाणे आभाळ पार कोरे. ट्राइपला ते कोरे आभाळ सोसेना. त्याने निगेटिव्हवर रंगाचा कुंचला फिरवून ढग घातले, झाडांच्या गचपणात पाने काढली. आज ते ढग पाहून कोणी म्हणेल, काय सुरेख पावसाळी आभाळ आहे! ते आभाळ कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर जन्मले.

हाच ट्राइप पुढे मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला आणि १८५८ साली तंजावरास आला. संस्थान बुडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. बृहदीश्वराच्या जोत्यावर फिरणारा जो चोळांचा शिलालेख आहे, त्याचे त्याने तुकड्यातुकड्याने चित्रण केले, आणि एकवीस प्रिंट एकापुढे एक सांधून सुमारे एकोणीस फूट लांबीची पट्टी सिद्ध केली. (याच देवळाच्या आवारात सरफोजी राजांनी कोरविलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेखही आहे, हे तिकडे बदली झालेल्या आमच्या वाचकांनी जरूर पाहावे.) या पट्टीत सांधा कोठे बसतो यावर सारे काही अवलंबून होते. एक अक्षर दोनदा आले किंवा एक गळले, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने सगळा खटाटोप व्यर्थ. ब्रह्मदेशाच्या आभाळात मन मानेल तसे ढग घालणाऱ्या माणसाला येथे आपले म्हणून एक अक्षर घालण्याची सोय नव्हती.

हे उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते. ट्राइप अप्रामाणिक नव्हता. ढगांवाचून चित्र पुरे होत नाही असे त्याला मनापासून वाटे. पण पुढे शंभर-दीडशे वर्षांनी कोणी त्या ब्रह्मदेशी चित्रांवरून तेथील झाडांचा अभ्यास करू लागला, तर कोणती पाने उगवलेली आणि कोणती काढलेली हे त्याला आधी शोधावे लागणार. सुदैवाने ट्राइपचे काही निगेटिव्ह शिल्लक आहेत आणि त्यांवरील रंग डोळ्यांना दिसतो. आपल्या दारासुरम्‌च्या चित्राची निगेटिव्ह गहाळ आहे. पुसलेला पट्टा जर त्या एकुलत्या प्रिंटसह गेला, तर पुन्हा विचारावयास साक्षीदार नाही.

साक्षीदार नाही असे आम्ही म्हणतो खरे, पण एक होता. चित्रातील ती तरुण स्त्री आज शहाऐंशी वर्षांच्या आजी आहेत. चेन्नईस मुलाजवळ राहतात. नातवाच्या सांगण्यावरून आम्ही त्यांना भेटावयास गेलो. दोन्ही चित्रे मोठी करून बरोबर नेली होती. आजींनी चष्मा पुसला, रंगीत चित्र जवळ धरले, आणि प्रथम नातवाचेच कौतुक केले. मग म्हणाल्या, ‘साडी हिरवी नव्हती बरं का. डाळिंबी होती. दिवाळीला घेतलेली, तिथल्याच मागावरची.’ दारासुरम्‌ला सौराष्ट्री विणकरांचे रेशमाचे माग आहेत. आजही त्या गल्ल्यांतून जाताना मागांचा आवाज कानावर येतो. म्हणजे नातवाने मराठी म्हणून जी साडी रंगविली, ती दारासुरम्‌चीच होती.

मग त्यांनी विचारले, ‘आणि पाणी कुठं गेलं?’

आम्हांला प्रश्न कळला नाही. त्यांनी मूळ चित्र मागितले आणि त्या काळसर पट्ट्यावर बोट ठेवले.

‘अहो, ही ओल कागदाला नव्हती. दगडाला होती. आदल्या रात्री पाऊस कोसळला होता आणि देवळात पाणी साचलेलं. आम्ही पाण्यातूनच आलो. हे बघा, माझा काठ भिजलेला आहे. हे म्हणाले, परत जाऊ. मीच म्हटलं, आलोच आहोत तर दर्शन घेऊ.’

हात कोणाचा, हे आम्ही विचारले. देवळाच्या दाराशी एक माणूस बसलेला होता. त्याचे नाव त्यांना आज आठवत नाही, तेव्हाही त्यांनी विचारले नसावे. त्याला मराठी येत नव्हते आणि यांना तमिळ येत नव्हते. पाण्यात पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून तो पुढे चालला, कोठे पाय टाकावा ते दाखवीत. पुन्हा भुरभुर सुरू झाली तेव्हा त्याने आपली छत्री मुलाच्या डोक्यावर धरली. चित्र काढताना यजमानांनी त्याला हाताने खूण केली, बाजूला हो म्हणून. तो बाजूला झाला. छत्री मात्र त्याने काढली नाही.

आम्ही चेन्नईहून परस्पर कुंभकोणम्‌ला गेलो. कार्तिकातले दिवस होते आणि पाऊसही झालेला होता. या देवळाचे आवार भोवतालच्या जमिनीहून सखल आहे, त्यामुळे ईशान्य मोसमी पावसात तेथे पाणी साचते. २००४ साली हे देऊळ तंजावर व गंगैकोंडचोळपुरम् यांच्याबरोबर जागतिक वारशात गणले गेले, त्याची देखभाल होते. पण जमिनीचा उतार कोणाच्या यादीने बदलत नाही. पायऱ्यांच्या तळाशी, चाकाच्या खालच्या अंगाला भिजून काळा पडलेला एक पट्टा आम्ही डोळ्यांनी पाहिला. प्रिंटमधला पट्टा आणि हा पट्टा शेजारी धरले. उंचीत थोडा फरक होता, पण जागा तीच. त्या दिवशी वर किती पाणी होते याची ती नोंद होती, आणि ती आम्ही सर्वांनी मिळून अल्बमचा डाग म्हणून काढून टाकली होती. आम्ही म्हणतो ते अशासाठी की, संपादक म्हणून आम्हीही त्या सफाईची वाहवा केली होती.

आणखी एक गोष्ट तेथे पाहिली. दारासुरम्‌ला एक प्रसिद्ध शिल्प आहे. हत्ती आणि बैल समोरासमोर, आणि दोघांना मिळून मस्तक एकच. हत्तीचे अंग तळहाताने झाकले की बैल दिसतो, बैलाचे झाकले की हत्ती. जी रेषा एकाची सोंड तीच दुसऱ्याच्या मस्तकाचा भाग. आमच्याबरोबर शाळेची मुले होती. ती हात लावून लावून हा खेळ करीत होती. त्या करड्या साडीकडे आम्ही पुन्हा मनाने वळलो. नातवाने एकही रेषा खोटी काढलेली नाही. त्याने फक्त एका बाजूवर तळहात ठेवला आणि तो उचलावयाचा विसरला.

दगडही मूळचा असा करडा नव्हता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चुन्याचा गिलावा आणि त्यावरील रंग यांचे तुटक अवशेष या देवळात अजून दिसतात. तंजावरास तर बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत नायक राजांच्या काळच्या चित्रांखाली चोळांची चित्रे दडलेली होती. ती १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांच्या दृष्टीस पडली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर काळजीपूर्वक सोडवून वेगळा जतन केला, आणि खालचाही उघडा केला. वरचे रंग नंतरचे म्हणून त्यांनी ते खरडून टाकले नाहीत. हे काम दुरुस्तीच्या कलेतील थोर काम आहे असे आम्ही मानतो.

तेव्हा नातवाच्या चित्रातील रंग काय बोलतो? मराठी स्त्रीला रंग आहे. दगड, पाणी आणि तो हात यांना नाही. दगड करडाच राहिला, पाणी गेले, हात गेला. असे बोलावे हे त्याच्या मनातही नसणार. तो आजीवरील प्रेमाने काम करीत होता आणि प्रेम निवड करतेच. पण आमच्या वाचकांपैकी कोणी आपला जुना अल्बम उघडून पाहिला, तर आमच्यासारखाच तोही थोडा अस्वस्थ होईल असे वाटते. रायपूर असो, शिलाँग असो वा मदुरै. आपण मध्ये उभे आणि ते गाव मागे पडद्यासारखे. बदलीच्या गावी काढलेल्या आमच्या स्वतःच्या चित्रांत त्या गावचा एकही माणूस पुरता चौकटीत नाही. असलाच तर एखादा हात. मंडळाच्या गणेशोत्सवाची चित्रे मात्र ढीगभर आहेत, आणि ती कोणत्या गावची हे आता पाठीमागच्या शिक्क्यावरूनच कळते.

या बाबतीत नियम करावेत काय? पुसणे आणि रंगविणे बंद करा असे म्हणणे वेडेपणाचे होईल. जुने प्रिंट सडत आहेत आणि ते वाचविणारी ही तरुण मुलेच आहेत. हद्द ओलांडली जाते ती कशी, याचे विदारक उदाहरण २०२१ साली घडले. कंबोडियातील तुओल स्लेंग या छळछावणीत मारले गेलेल्या कैद्यांची छायाचित्रे एका आयरिश कलावंताने रंगविली, आणि काहींच्या चेहऱ्यांवर हसू घातले. त्यांच्या आप्तांनी व कंबोडियाच्या सरकारने निषेध केला, तेव्हा ती प्रसिद्ध करणाऱ्यांना मागे घ्यावी लागली. आपल्या प्रकरणाशी त्याची तुलना आम्ही करीत नाही. तो अपराध होता आणि ही एक चूक आहे. पण दोन्हींत पाहणाऱ्याला सांगितले गेले नाही, एवढे साम्य उरते.

सांगण्याची रीत कशी असावी, याचा एक नमुना दारासुरम्‌लाच होता. तेथे पूर्वी एक द्वारपालाची मूर्ती होती. ती आता तंजावरच्या कलासंग्रहालयात आहे. मूर्तीची घडण चोळांची नव्हे, चालुक्यांची. अकराव्या शतकात राजाधिराज चोळाने चालुक्यांच्या कल्याणीवर, म्हणजे आपल्या बिदरजवळच्या बसवकल्याणवर, स्वारी केली आणि ती मूर्ती उचलून आणली. मात्र आणताना तिच्यावर स्पष्ट कोरले की, विजयराजेंद्राने कल्याणपुर जाळून हा द्वारपाल आणला. लूट ती लूटच. पण मूर्ती मूळची कोठली आणि येथे कोणी आणली हे नऊशे वर्षांनंतर आलेल्या माणसालाही कळते. रंगविलेल्या छायाचित्राखाली, मूळ कृष्णधवल, साडीचा रंग अमक्याने अंदाजाने दिला, अमुक जागा भरली, असे लिहावयास एक ओळ लागते.

आजींकडून आल्यावर आम्ही त्या तरुणास सविस्तर लिहिले. त्याचे उत्तर आठ दिवसांनी आले. लेयर सगळे शाबूत आहेत, असे त्याने कळविले. पाणी त्याने परत आणले होते आणि हातही. घडी मात्र पुन्हा घालीत नाही, असे लिहिले होते. ते आम्हांलाही मान्य आहे, ती कागदाचीच होती. साडी त्याने तूर्त करडी ठेवली आहे. डाळिंबी म्हणजे नेमका कोणता डाळिंबी, हे आजींना दाखवून ठरवावे म्हणून तो दारासुरम्‌च्या विणकरांकडून रेशमाचे नमुने मागविणार आहे. अंकात आम्ही मूळ प्रिंट आहे तसा, घडीसकट छापीत आहोत आणि त्याखाली आजींनी सांगितलेली हकीकत देत आहोत.

पत्राच्या शेवटी त्याने एक प्रश्न विचारला होता. साडीला रंग द्यावयाचा, तर त्या छत्रीलाही द्यावा असे त्याच्या मनात आले. तेव्हा तिचा रंग कोणता होता हे आजींना विचाराल काय? आम्ही फोन करून विचारले. छत्री काळीच होती.